यात हसण्यासारखं काय आहे?

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो. विनोद समजावून सांगितला की तो मरतो, हे मला माहीत आहे. तरीही या लेखात मी तेच करणार आहे, कारण गेल्या वर्षभरात दोघांनी मला दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळा मला धड उत्तर देता आलं नाही. पहिला प्रश्न इथे सांगतो, दुसरा शेवटी.

थर्ड इयरला आम्ही चौघांनी हॉस्टेल सोडून बाहेर खोली घेतली. त्याआधी एका ठिकाणी दोन महिने राहिलो होतो. तिथल्या घरमालकाकडे डिपॉझिट परत मागितलं, तर ते म्हणाले, "ते पेंटिंगमध्ये गेलं." झालं! पाचच मिनिटांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने धनंजय मानेचा फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं होतं, 'डिपॉझिट वारलं.' आम्ही तिघे गादीवर पडून पडून हसलो. चौथा पार्टनर बिहारचा. तो मोबाईलकडे बघत शांतपणे म्हणाला, "इसमें हँसने का क्या है, भाई?"

मी समजावायला लागलो. एक पिक्चर आहे. त्यात एक घरमालक आहे. त्याला डायबिटीस आहे. त्याच्याकडून भाडेकरूने परदेशी औषधासाठी सत्तर रुपये घेतलेत. औषध पाठवणारा मित्र वारला, आणि त्याच्याबरोबर सत्तर रुपयेही वारले... सांगता सांगता माझंच हसू आटलं. तो म्हणाला, "अच्छा." त्याचं ते 'अच्छा' फार थंड होतं!

त्या रात्री मी विचार करत बसलो. दोन शब्दांत आम्ही तिघे लोळण घेतो, आणि त्याच दोन शब्दांत चौथ्याला काहीच मिळत नाही. मग तो विनोद नेमका असतो कुठे?

झिप फाईल आणि किल्ली

'मीम' हा शब्द इंटरनेटपेक्षा जुना आहे. रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या पुस्तकात तो पहिल्यांदा वापरला. ग्रीक भाषेत 'मिमेमा' म्हणजे ज्याची नक्कल केली जाते ते. जीन जसा एका शरीरातून दुसऱ्यात जातो, तशी एखादी चाल, एखादी फॅशन, एखादा वाक्प्रचार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो, अशी त्याची कल्पना. 'जीन'शी यमक जुळावं म्हणून त्याने शब्द कापून 'मीम' केला. आपण आज फोटो आणि त्यावरच्या ओळीला मीम म्हणतो, तो त्याच कल्पनेचा एक छोटा भाग.

आता आपल्या भाषेत बोलू. कम्युनिकेशनच्या पेपरला क्लॉड शॅननचं नाव आपण सगळ्यांनी लिहिलंय. १९४८ च्या त्याच्या निबंधापासून इन्फर्मेशन थिअरी सुरू झाली. त्यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे आधीच एकच कोडबुक असेल, तर प्रत्यक्ष पाठवायचं फार थोडं उरतं. मीमचं अगदी तसंच आहे. 'वारलं' हा एक शब्द पाठवला की समोरच्याच्या डोक्यात अख्खा सीन उलगडतो. घरमालकाचा चेहरा, अशोक सराफचा तो निरागस आव, सगळं. फाईल झिप होऊन जाते आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो उघडतो. आमच्या बिहारी पार्टनरला फाईल बरोबर पोचली होती. त्याच्याकडे किल्ली नव्हती, इतकंच.

म्हणजे विनोद फोटोत नसतो आणि ओळीतही नसतो. आपल्या दोघांना आधीपासून जे माहीत आहे, त्यात तो असतो. म्हणूनच मीम बघून हसताना आपण दोन गोष्टींना हसतो. एक तर विनोदाला. आणि दुसरं, 'अरे, तुलाही माहीत आहे!' या आनंदाला. माझ्या मते दुसरा आनंद मोठा असतो.

चांगल्या मीमला अजून एक लागतं, ते म्हणजे अंतर. जुना सीन आणि नवा प्रसंग एकमेकांपासून जेवढे लांब, तेवढं हसू जास्त. बर्डीवरून रेडिमेड आणलेला प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर ठेवून आपण "आम्हीच बनवला सर" म्हणतो, आणि ग्रुपवर कोणीतरी साडीतल्या लक्ष्मीकांतचा फोटो टाकून 'हा माझा बायको पार्वती' लिहितो. मायक्रोकंट्रोलरचा आणि पार्वतीचा काय संबंध? तसा काहीच नाही. पण जे नाही ते आहे म्हणून दाखवणं आणि बोलताना जीभ घसरणं, हे दोन्हीकडे सारखं. ते साम्य डोक्यात चमकलं की आपण फुटतो.

हाच पिक्चर का?

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर. आपल्यापैकी कोणाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता. मग टेम्प्लेट म्हणून हाच का?

पहिलं कारण सरळ आहे. तो टीव्हीवर इतक्या वेळा लागला की आपण तो न बघताही पाठ केला. आई पोळ्या लाटतेय, बाबा पेपर वाचताहेत आणि मागे बनवाबनवी चालू आहे, असं ज्याच्या घरी झालं नाही त्याने हात वर करावा. कोडबुक घरोघरी फुकट वाटलं गेलं.

दुसरं कारण लेखणीचं. संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' हे गाजलेलं लोकनाट्य त्यांचंच. लोकनाट्यात सवाल-जवाब कसा असतो, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे परतवायचं. बनवाबनवीचे संवाद तसेच आहेत. प्रत्येक ओळ लहान, आणि सीनमधून सुटी काढली तरी उभी राहणारी. पानभर लांब भाषणाचं मीम होत नाही.

तिसरं कारण मला बिहारी पार्टनरमुळे कळलं. शेवटी आम्ही त्याला अख्खा पिक्चरच दाखवला. थांबवून थांबवून हिंदीत सांगत. पुण्यात चार पोरं. राहायला जागा नाही. घरमालकीण म्हणते, फक्त जोडप्यांनाच देईन. मग दोघांना साड्या नेसाव्या लागतात. इथे आमचा पार्टनर उठून बसला. "अरे, ये तो अपनी कहानी है!" हिंगणा रोडला आम्ही अकरा घरं फिरलो होतो, आणि सात ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं, "बॅचलरला नाही देत." छत्तीस-सदतीस वर्षांत मोबाईल आले, मेट्रो आली, पण बॅचलर पोरांना खोली मिळणं काही सोपं झालं नाही. पिक्चर जुना झाला नाही कारण त्यातली अडचण जुनी झाली नाही. त्या दिवसापासून आमचा पार्टनर नव्या घरमालकांना (त्यांच्या माघारी!) 'सरपोतदार' म्हणतो.

वाद: निकाल नसलेली मॅच

फॅन लोक हसतात त्याच्या दुप्पट भांडतात. आमच्या ग्रुपवरचा कायमचा वाद, अशोक सराफ की लक्ष्मीकांत बेर्डे? रात्री अकराला सुरू होतो, दीडला कोणीतरी 'उद्या सबमिशन आहे' म्हणतो, मग थांबतो. लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ ला गेले. अशोक सराफना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा एकाने आनंद व्यक्त केला आणि दुसऱ्याने लगेच लिहिलं, "लक्ष्या असता तर..." झाला पुन्हा सुरू!

दुसरा वाद 'मूळ कोणाचं' याचा. एका ज्युनियरने एकदा बॉम्ब टाकला की बनवाबनवी ओरिजिनल नाहीच. तो बरोबर होता. १९५५ मध्ये बंगालीत 'जय मा काली बोर्डिंग' आला, १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींनी हिंदीत 'बीवी और मकान' केला, आणि मग १९८८ मध्ये आपला. पुढे ही गोष्ट तेलुगू-कन्नडमध्येही गेली. काही जणांना हे ऐकून वाईट वाटलं. मला उलट बरं वाटलं. खोलीची अडचण कलकत्त्याची, मुंबईची, पुण्याची आणि हिंगणा रोडची एकच आहे म्हणायची. आणि नीट बघितलं तर डॉकिन्सचा मीम म्हणजे तरी दुसरं काय? गोष्ट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारत गेली आणि प्रत्येक ठिकाणी थोडी बदलली.

असे वाद संपत नाहीत, कारण श्रेष्ठपणाला एसआय युनिट नाही. पण त्यांचा फायदा आहे. कॉलेजात बाकी सगळीकडे सीनियर बरोबर असतो, या वादात फर्स्ट इयरचा पोरगा फायनलवाल्याला गप्प करू शकतो. फक्त त्याच्याकडे माहिती पाहिजे.

हे आपल्याच पिढीचं खूळ आहे असंही समजू नका. आपल्या पणजोबांच्या काळी बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर असेच तट पडलेले असत. शेवटी ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, दोघे एकाच रंगमंचावर. वादाचा निकाल लागला नाही, पण दोन्हीकडच्या रसिकांना एकत्र बसून ऐकायला मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

आपली भाषा, आपलं हसू

इथपर्यंत सगळं मजेत आहे. आता जरा अवघड भाग.

आपल्या नागपुरात एक वाद वेगळाच आहे. टीव्हीवर आपली भाषा आली की खूश व्हायचं की नाही? २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी अख्ख्या महाराष्ट्राने ऐकली. ग्रुपवर एक पार्टी म्हणते, "आपली बोली घराघरात पोचली." दुसरी म्हणते, "पोचली, पण हसवायलाच. सिरियलमधला डॉक्टर, जज, हिरो 'मले-तुले' बोलताना कधी पाहिला का बे?" २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरची पोरं आपल्याच ढंगात बोलली आणि तिथे ती बोली हसण्याची वस्तू नव्हती, हेही कोणीतरी आठवून देतं. मला दोन्ही पार्ट्या खऱ्या वाटतात. आणि रिद्धपूरला, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यात, तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं गेलं, मराठी गद्याची सुरुवात तिथली, हे तर सगळ्यांनीच पाठ करून ठेवावं.

मी या वादात कायम दुसऱ्या पार्टीचा. कारण एकदा एका फेस्टसाठी पुण्याला गेलो असताना मी सहज म्हणालो, "काय करून राहिले तुम्ही?" आणि समोरचे चौघे खो-खो हसले. दिवसभर मला 'करून राहिला' म्हणत राहिले. परत येताना ट्रेनमध्ये मी मित्रांना तावातावाने सांगत होतो, यांना समजतं काय, वगैरे वगैरे.

आणि त्यानंतर चारच महिन्यांनी मी काय केलं ते ऐका.

आमच्या वर्गात वडशाकडचा एक मित्र आहे. झाडीपट्टीतला. तिकडच्या बोलीत 'ण' चा 'न' होतो. सेमिनारला त्याने वॉटर लेव्हल कंट्रोलरवर प्रेझेंटेशन दिलं. सर्किट त्याचं स्वतःचं, घरच्या विहिरीवर लावलेलं. तो म्हणाला, "पानी आलं का मोटर बंद होते." कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. त्यातली एक फ्रेम मी उचलली, त्याचं तोंड उघडं असलेली, आणि खाली लिहिलं, 'पानी आलं का?' स्टिकर तयार!

तुफान चाललं. मेसच्या वरणावर 'पानी आलं का?' पाऊस पडला, 'पानी आलं का?' पेपर कठीण गेला, 'पानी आलं का?' पहिल्या दिवशी तोही हसला. आठवड्याभराने तो हसणं थांबला, आणि महिन्याभराने बोलणं. व्हायवाला एक्स्टर्नलने त्याला त्याच्याच सर्किटमधला सोपा प्रश्न विचारला. मी शेजारी उभा होतो. त्याला उत्तर येत होतं, मला माहीत होतं की येतं. त्या उत्तरात 'पाणी' हा शब्द होता. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "नो सर."

त्या प्रॅक्टिकलला मला त्याच्यापेक्षा सहा मार्क जास्त मिळाले.

बडग्या जळतो

ज्यांनी मारबत पाहिली नाही (बाहेरगावच्या मित्रांनो, नक्की पाहा), त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, जागनाथ बुधवारीची पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळा चौकात दोघींची भेट होते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर चालू असतो. आणि सोबत असतात बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचा पुतळा. महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, कधी एखादा पुढारी. अंगावर खोचक ओळी लिहिलेल्या. चित्र, त्यावर ओळ, विषय ताजा, आणि बघणाऱ्याला संदर्भ आधीच ठाऊक. सांगा, हे मीम नाही तर काय आहे? नागपूरकर दीडशे वर्षं होत आली, मीमच बनवतात.

पण बडग्यात आणि माझ्या स्टिकरमध्ये फरक होता. बडग्या सहसा त्याचा निघतो जो आपल्यापेक्षा मोठा आहे, किंवा ज्याने सगळ्यांना छळलंय. माझ्या मित्राने कोणाला छळलं होतं? बडग्या भर दिवसा रस्त्यावरून निघतो आणि कोणत्या मंडळाने केला ते सगळ्यांना दिसतं. माझ्या स्टिकरवर माझं नाव नव्हतं. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे बडग्या जाळतात. मिरवणूक संपली की पुतळ्याला आग लावतात, राख होते, विषय संपला. पुढच्या वर्षी नवा. स्टिकर जळत नाही. मी माझ्या मोबाईलमधून डिलीट केलं, पण तोपर्यंत ते कितीतरी मोबाईलमध्ये गेलं होतं.

एक रात्र वडशाकडे

मी त्याची माफी मागितली. तो "जाऊ दे ना बे" म्हणाला आणि विषय बदलला. मग जानेवारीत त्यानेच विचारलं, "गावात नाटक हाय, येतं का?"

गणेशपेठहून एसटी धरली. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. झाडीपट्टी रंगभूमीबद्दल मी फक्त पेपरात वाचलं होतं, तेही २०२३ मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की तिकडे नाटकांचा हंगाम लागतो आणि वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. तिकीट काढून मांडवात गच्च बसलेली माणसं, अंगावर ब्लँकेट, मांडीवर झोपलेली पोरं.

आणि मित्रांनो, मला काही कळेना! विनोदी नटाने एक शब्द टाकला की अख्खा मांडव हसायचा. मागून कोणीतरी ओरडून काही म्हणायचं, नट तिथल्या तिथे परतवायचा, पुन्हा हसू. मी एकटा ढिम्म. तो गावातल्या कोणत्या गोष्टीबद्दल बोलतोय, गेल्या वर्षी कोणत्या नाटकात काय झालं होतं, मला काय माहीत? माझा मित्र शेजारी बसून मला एकेक सांगत होता. न कंटाळता. आणि बोलत होता किती! सहा महिन्यांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. कोणता नट कोणत्या कंपनीतला, कोणाचं काम चांगलं, यावर मागच्या रांगेशी त्याचा वादही झाला. हुबेहूब आमचा अशोक-लक्ष्मीकांत.

कोडबुक त्याच्याकडे होतंच. ते आमच्याकडे नव्हतं, आणि आम्ही समजत होतो की कमी त्याच्यात आहे.

दुसरा प्रश्न

मग मीम बनवायचेच नाहीत का? बनवा ना! मी रोज बनवतो. पाठवण्याआधी फक्त एवढं बघतो की ज्याच्यावर आहे तो ग्रुपमध्ये सगळ्यांसोबत हसेल का, आणि पुढच्या वर्षीही हसेल का. पहिल्या दिवसाच्या हसण्यावर विश्वास ठेवू नका, तो माझाही चुकला.

मागच्या महिन्यात फर्स्ट इयरच्या एका पोराने मला एक स्टिकर पाठवलं. टाकी भरली होती, म्हणून. 'पानी आलं का?' त्याला ना फोटोतला माणूस माहीत, ना बनवणारा. मी लिहिलं, "हे मी बनवलं होतं. पुढे पाठवू नको."

त्याने विचारलं, "काहून दादा?"

मोबाईलवर टाईप करत बसलो, पण उत्तर तेवढ्यात बसेना. म्हणून हा लेख.